खुणेपर्यंत पाणी

"अठरा पॉइंट चार," मुलगी म्हणाली, आणि बद्रीनाथ केळशीकरांना आधी हसूच आलं. बारावीच्या बोर्डाची रसायनशास्त्राची प्रॅक्टिकल परीक्षा, पंचवीस पोरं पंचवीस ब्युरेटींपुढे उभी, चोवीस जणांच्या कागदावर नऊ पॉइंट दोन, आणि खिडकीजवळची ही शेवटची, राजनंदिनी हुलावळे, बरोबर दुप्पट आकडा घेऊन उभी. चुकायचं तरी किती! माणसानं नऊ-चार चुकावं, नऊ-सहा चुकावं. चुकीलासुद्धा काही घरंदाजपणा असतो. "वा," ते म्हणाले, "शेतातली मोटर चालू ठेवून झोपलीस वाटतं?" पुढच्या टेबलावरची दोन पोरं फिसकन हसली. मुलगी हसली नाही, रडलीही नाही. तिनं काचेच्या नळीकडे पाहिलं, मग खालच्या फ्लास्ककडे, आणि वाडीवस्तीवरच्या माणसानं तलाठ्यासमोर बोलावं तशा सुरात म्हणाली, "काका, तीनदा केलं. तिन्ही बारीला अठरा पॉइंट चारच हाय."

काका! सत्तावीस वर्षं ह्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून काढली, हजारो पोरांच्या हातात ब्युरेट दिली, आणि पदवी काय मिळाली, तर काका. शिकवणाऱ्या त्या निकिता मॅडम, परवा-परवापर्यंत ह्याच टेबलावर ॲसिडनं ओढणी जाळून घेत होत्या, त्या मॅडम. आणि ज्याच्या हातचं द्रावण नसेल तर सगळ्या विज्ञान शाखेची दातखीळ बसेल, तो काका. बसू दे. मे महिन्यात निवृत्ती. शाल, श्रीफळ, आणि प्राचार्यांचं भाषण, ज्यात ते नाव चुकवणार हे नक्की. गेल्या वर्षी ह्याच प्राचार्यांनी प्रयोगशाळेच्या मधोमध भिंत घातली आणि अर्धी खोली संगणकांना दिली. तिथं आता एसी, निळा गालिचा आणि दाराशी पाटी : 'पादत्राणे बाहेर काढावीत'. शनिवार पेठेतल्या मारुतीपुढे चपला न काढणारी कार्टी त्या डबड्यांपुढे अनवाणी जातात. सन दोन हजार उजाडलं तेव्हा जगातले सगळे संगणक बंद पडणार अशी आवई होती. बद्रीनाथांनी एकतीस डिसेंबरला मोठ्या आशेनं वाट पाहिली. एक पडला नाही.

त्यांच्या मनात ह्या सगळ्याचा एक सिद्धांत तयार होता, आणि तो त्यांच्या धंद्यातूनच आलेला होता. कपाटात मूळ द्रावणाची तपकिरी बाटली असते, तिला म्हणायचं स्टॉक. जाड, काळपट जांभळं परमँगनेट. थेंब सांडला तर बोट आठवडाभर तपकिरी राहतं. ते तसंच पोरांच्या हाती देत नाहीत. त्यातलं मोजून शंभर मिली लांब मानेच्या लिटरच्या फ्लास्कमध्ये घ्यायचं आणि मानेवरच्या खुणेपर्यंत डिस्टिल्ड पाणी भरायचं. एकाचे दहा. पाणी घातलं म्हणून आतला माल वाढत नाही की घटत नाही, फक्त पसरतो, पातळ होतो. तसंच ह्या शहराचं झालं, असं त्यांचं मत. मूळ बाटलीत जे होतं त्यात कुणीतरी नळ सोडून दिला. पूर्वी पोरगं मॅट्रिक झालं की त्याला पत्र लिहिता येई. आता इंजिनिअर होतं आणि त्याला बापाशी बोलता येत नाही. स्वतःचा चेतन. रोज सकाळी सातला स्वारगेटवरून कंपनीची बस पकडून हिंजवडीला जातो आणि अमेरिकेतल्या कुठल्याशा विमा कंपनीचे आकडे ह्या खान्यातून त्या खान्यात ढकलतो. पहिल्याच महिन्याला बापाच्या दुप्पट पगार. एकदा जेवताना म्हणाला, "बाबा, आमच्या एका क्लायंटकडे सोल्युशन बनवायला मशिन आहे. बटण दाबलं की झालं. नो ह्युमन एरर." बद्रीनाथांनी आमटीत भात कालवत विचारलं, "आणि बटण दाबणारा कोण असतो? कुत्रा?" सुशीलाबाई, त्यांची बायको, वाढता वाढता थांबली आणि म्हणाली, "अहो, पोरगं काहीतरी सांगतंय प्रेमानं." प्रेमानं! प्रेम ही तर सगळ्यात विरळ झालेली वस्तू.

आणि ही हुलावळ्यांची. हिंजवडी गावचीच. नाव राजनंदिनी, आणि पहिल्या दिवशी पिपेट धरली ती उसाच्या कांडक्यासारखी. दोन बस बदलून यायची, पायांना लाल माती. जुलैमध्ये ते तिला म्हणाले होते, "अगं, तुमच्याकडे जमिनींना सोन्याचा भाव आलाय म्हणे. कशाला काचा फोडायला येतेस?" ती तेव्हाही अशीच सरळ बघत म्हणाली होती, "आमच्या वावरातच कंपनी बांधलीय, काका. पैसं आलं ते चुलत्यांच्या जीपगाडीत गेलं. आता आमच्याच वावरात आत जायचं तर गेटवर इचारत्यात, कोण तुम्ही. काम्पुटर इंजिनिअर झालं की सोडत्यात." वर्गात हशा पिकला होता आणि त्यात बद्रीनाथ पुढे होते. आता तिच्या ह्या कागदावर तिचं ते गेट अडकलं होतं. बारावीच्या मार्कांवर प्रवेश. एकेका मार्कात पाचशे-हजार पोरं उभी. आणि ब्युरेटचं रीडिंग चुकलं की ह्या प्रश्नाचे मार्क सरसकट गेले. त्यातून तिनं ते शाईनं लिहिलेलं. पेन्सिल चालत नाही, खाडाखोड चालत नाही, हे परीक्षक रावसाहेब निंबाळकरांनी सकाळीच बजावलं होतं. ते बाहेरून आलेले गृहस्थ पहिल्या टेबलापासून सह्या करत निघाले होते, आणि मॅडम त्यांच्यामागून खिचडीची बशी घेऊन.

बाकीच्या चोवीस जणांना नऊ-दोन कसं आलं, हे बद्रीनाथांइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. ते त्यांनीच सांगितलं होतं. ही जुनी रीत. पाण्याची वॉश बॉटल हातात घेऊन टेबलांमधून फिरायचं, आणि पाणी घालता घालता, ओठ न हलवता, पुटपुटायचं : नऊ-दोन. कॉलेजचा निकाल चांगला लागतो, परीक्षक खूश, मॅडम खूश. ही भीक घालताना त्यांना दरवर्षी एक गोड किळस यायची. घ्या लेको. तुम्हाला थेंब कळत नाही, रंग कळत नाही, आकडा तेवढा कळतो. आणि तो आकडासुद्धा ते आता करून बघत नसत. स्टॉकची ताकद ठाऊक, पाणी ठाऊक, कागदावर गणित मांडलं की उत्तर. मॅडम परीक्षकांसाठी गुप्त पाकिटात घालत तो आकडाही तोच. शेवटच्या टेबलापाशी मात्र ते न थांबता वळले होते. हिला कशाला? हिला भीक घालूनही ती कुठं जाणार होती?

"नऊपाशी थांबायचं कळलं नाही?" त्यांनी विचारलं.

"नऊला रंगच धरत न्हाई काका. पाण्यासारखं ऱ्हातंय. मग कसं थांबू?"

"डोळ्यांना काय झालंय तुझ्या?"

"तुम्हीच बघा की."

हे 'तुम्हीच बघा की' त्यांना चावलं. त्यांनी तिच्या हातून फ्लास्क घेतला, जरा दणकाच देऊन ठेवला. दहा मिली ऑक्झॅलिक ॲसिड, त्यात गंधकाम्ल, बर्नरवर ऊन केलं, ब्युरेटखाली धरलं. डाव्या हाताने तोटी, उजव्या हाताने फ्लास्क हलवायचा. सत्तावीस वर्षांत ही जोडी कधी बिघडली नव्हती. जांभळा थेंब आत पडला की क्षणभर ढग उठतो आणि विरतो. अजून ॲसिड शिल्लक आहे, असं तो सांगतो. विरायचा थांबला, सगळं फिक्कट गुलाबी झालं, की संपलं. आठ. साडेआठ. नऊ. इथे ते मंद झाले, एकेक थेंब. नऊ पॉइंट एक. नऊ पॉइंट दोन. फ्लास्क स्वच्छ. नऊ पॉइंट तीन. स्वच्छ. दहा. त्यांच्या कानांमागे काहीतरी गार झालं. बारा, चौदा, ढग उठत होता, विरत होता, जणू कुणी चेष्टा करत होतं. अठरावर ढग रेंगाळायला लागला, आणि अठरा पॉइंट चारला, एका थेंबात, पोरीच्या ओढणीसारखा गुलाबी रंग फ्लास्कभर उभा राहिला आणि हलेना.

द्रावणात निम्मीच ताकद होती. म्हणून दुप्पट लागत होतं.

पहिल्यांदा त्यांना आठवला तो एसीवाला. काल पाचच्या सुमारास तो पलीकडून भिंतीला भोक पाडत होता आणि सगळा चुरा ह्यांच्या कपाटावर. नक्कीच त्या गाढवानं बाटल्या हलवल्या. मग मॅडम, त्यांनी सल्फ्युरिक काढायला कपाट उघडलं होतं. मग सुशीलाबाई, कारण काल तिनं कीर्तनाला ओढून नेलं नसतं तर आपण इथं जास्त वेळ थांबलो असतो. एवढ्यानं भागेना म्हणून चेतन, प्राचार्य, दिल्लीतलं सरकार. प्रत्येकाच्या अंगावर ती चूक टाकून बघितली, आणि प्रत्येकाच्या अंगावरून ती परत आली. कारण काल कपाटावर सिमेंट पडायला लागलं तेव्हा बाटल्या बाहेर काढल्या होत्या त्यांनी स्वतः. परमँगनेटच्या दोन बाटल्या. एक पूर्ण ताकदीची, बारावीची. दुसरी निम्मी, प्राचार्यांनी रसायनांना कात्री लावल्यापासून ती त्यांनीच अकरावीसाठी करून ठेवली होती, कारण अकरावीच्या पोरांना पूर्ण ताकदीचं देणं म्हणजे गाढवाच्या पाठीवर केशराचं पोतं. दोन्ही तपकिरी, दोन्ही आतून सारख्याच काळ्या. डावीकडे पूर्ण, उजवीकडे निम्मी. काल टेबलाच्या खिडकीकडच्या अंगाला उभं राहून त्यांनी त्या तशा मांडल्या. आज सकाळी दाराकडच्या अंगाला उभं राहून डावीकडची उचलली. एवढंच. लेबल असतं तर शेंबडं पोरही चुकलं नसतं. "काका, लेबलं लावून ठेवा हं," असं मॅडम दिवाळीपासून सांगत होत्या, आणि त्यांनी भर स्टाफरूममध्ये उत्तर दिलं होतं, "मॅडम, आई पोराच्या कपाळावर नाव लिहीत नाही." त्यावर किती हसले होते सगळे. वाक्य खरंच चांगलं होतं.

त्यांनी खोलीभर नजर टाकली. चोवीस जण. ह्यांच्यातल्या प्रत्येकानं नऊ-दोनपाशी पांढराफटक फ्लास्क पाहिला असणार. आणि प्रत्येकानं ठरवलं असणार की आकडा बरोबर आहे, डोळे चुकले. कुणाला दिसायच्या आत फ्लास्क बेसिनमध्ये ओतून मोकळे. ही असली मेंढरं! उद्या पूल बांधतील, औषधं करतील. तुच्छतेची ती ओळखीची लाट वर आली आणि अर्ध्यातच थिजली, कारण ह्या मेंढरांना चारा कुणी घातला हेही तिच्यामागोमाग आलं. आपण मूळ बाटली, बाकी जग पाणी, असं धरून चाललेला माणूस पोरीच्या टेबलापुढे उभा होता, आणि बाटली निम्मी निघाली होती.

काल मारुतीच्या देवळात चंद्रभागाबाईंचं कीर्तन होतं. पंच्याहत्तरीची बाई, नऊवारी, आवाज फाटलेला, पण झांज वाजली की त्या फाटक्या आवाजातून काहीतरी लख्ख बाहेर यायचं, हे बद्रीनाथांनी मनातल्या मनातही कबूल केलं नव्हतं. ते खांबाला टेकून बसले होते, कुठे ताल चुकतो ते टिपत. "तुम्ही कीर्तनाला बसता की परीक्षेला?" असं सुशीलाबाईनं कानात विचारलंही. बाईंनी उत्तररंगात एका गवळणीची गोष्ट लावली. देवाला रोज दूध नेणारी गवळण एके दिवशी ठेचकाळते, निम्मं दूध सांडतं. ती नदीचं पाणी घालून कळशी भरते. दाराशी पुजारी कौतुक करतात, काय गं बाई तुझी निष्ठा, एक दिवस खाडा नाही. ती पुढे जाते, आणि गाभाऱ्याशी तिच्यानं राहवत नाही. सगळ्यांदेखत कळशी खाली ठेवते आणि देवाला म्हणते, "आज ह्यात निम्मं पाणी आहे रे." एवढं सांगून चंद्रभागाबाई थांबल्या. झांज नाही, पेटी नाही. देवळातल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मग बाई हळूच म्हणाल्या, "त्या दिवशी देवानं कळशी आत यायची वाट पाहिली नाही हो, तो तिथंच प्यायला." बद्रीनाथ नाकानं हसले होते. पातळ दूध पिणारा देव! शेवटी लोक बुक्का लावून घ्यायला, बाईंच्या पायांवर वाकायला रांगेत उभे राहिले, तेव्हा ते बाहेर येऊन चपला शोधत होते. वाकणं त्यांना जमत नसे. मानेचं दुखणं आहे, असं ते सांगत.

"काका," मुलगी म्हणाली, "चुकलंच ना माझं?"

रावसाहेब तीन टेबलांच्या अंतरावर आले होते. तीन महिने. शाल, श्रीफळ. सत्तावीस वर्षांत एकदाही नाही. ते म्हणाले, "चुकलं."

तिनं मान हलवली. वाद नाही, हुज्जत नाही. "आसंल," ती म्हणाली. "तुम्ही म्हणताय म्हंजे आसंलच. मला वाटलं, डोळ्याला दिसतंय ते खरं." आणि तिनं पेन उघडलं, अगदी नीट, पट्टी लावून, पहिलं अठरा पॉइंट चार खोडायला घेतलं. ती पट्टी बद्रीनाथांना सहन झाली नाही. खोडायचं तेसुद्धा सरळ रेषेत खोडणारी पोर! त्यांचा तपकिरी डागांचा हात पुढे गेला आणि त्यानं पेन वरच्यावर धरलं.

"खोडू नकोस," ते म्हणाले. मग मोठ्यानं, एवढ्या मोठ्यानं की भिंतीपलीकडच्या संगणकवाल्यांनाही कळावं, "निंबाळकर सर, जरा थांबा. सही करू नका. ह्यात निम्मं पाणी आहे."

रावसाहेबांचा चमचा बशीत राहिला. "कशात? खिचडीत?"

"परमँगनेटमध्ये. मी चुकीची बाटली उचलली. आजचं खरं रीडिंग अठरा पॉइंट चार. ह्या मुलीचं बरोबर आहे."

रावसाहेब जवळ आले, समजूतदारपणे आवाज खाली आणला. "अहो केळशीकर, वय झालं की होतं. गवगवा कशाला? चोवीस पोरांचं नऊ-दोन आहे, ते राहू द्या. हिला आपण निम्मे मार्क देऊ. दोनला मला दुसऱ्या कॉलेजात पोचायचंय."

"निम्मे का? ती निम्मी चुकली?"

"मग चोवीस जण चुकले म्हणता?"

"चोवीस जणांनी केलंच नाही. मी सांगितलं ते लिहिलं."

मॅडमचा चेहरा पांढरा पडला. मघाच्या फ्लास्कसारखा, असं त्यांच्या मनात आलं आणि ह्या वेळीही अशी उपमा सुचणाऱ्या आपल्या मनाची त्यांना शिसारी आली. रावसाहेब थंडपणे म्हणाले, "हे मला वर लिहून कळवावं लागेल. तुमच्या नावानिशी. समजतंय ना?"

"के-ळ-शी-क-र," बद्रीनाथ म्हणाले. "प्राचार्य चुकवतात. तुम्ही नीट लिहा."

रावसाहेबांनी ब्युरेट स्वतः भरली, तेवढी त्या माणसाच्या अंगात धमक होती म्हणायची. नऊ-दोनला त्यांनी फ्लास्क पांढऱ्या फरशीवर धरून पाहिला. अठरा पॉइंट चारला रंग उभा राहिला तेव्हा त्यांनी खिशातून पेन काढलं आणि राजनंदिनी हुलावळेच्या तिन्ही आकड्यांखाली सही केली. "बाकीच्यांनी कागद फाडा. नवीन द्रावण. अर्ध्या तासात. आणि केळशीकर, ह्या वेळी वॉश बॉटल टेबलावर ठेवायची." एक पोरगं मागून कुजबुजलं, "काका, वाट लावली राव आमची." दुसरं म्हणालं, "म्हातारा सटकलाय." बद्रीनाथांना ते ऐकू आलं. उत्तर तयार होतं, चांगलं धारदार. ते त्यांनी गिळलं.

कपाटाजवळच्या टेबलावरून त्यांनी दोन्ही बाटल्या आणल्या. सकाळी उजवीकडे राहिलेल्या बाटलीतला थोडा स्टॉक घेऊन आधी ताकद तपासली, पूर्ण होती. मग मॅडमच्या पुड्यातलं एक लेबल मागून घेतलं, त्यावर 'निम्मी' असं लिहिलं आणि दुसऱ्या बाटलीच्या पोटावर चिकटवलं. मग पूर्ण ताकदीचं मोजून शंभर मिली लिटरच्या फ्लास्कमध्ये सोडलं आणि वरून पाणी. जांभळा रंग फ्लास्कच्या पोटातून वर चढत मानेत आला, खुणेच्या बोटभर खाली थांबला. इथून पुढे थेंबानं. खूण डोळ्याच्या बरोबर रेषेत यायला हवी, त्यासाठी टेबलाशी वाकावं लागतं. त्यांनी चष्मा सारखा केला, पाहिलं, पुन्हा पाहिलं. इतकी वर्षं उभ्या उभ्या, नुसत्या हाताच्या अंदाजानं भरलेल्या त्या एका खुणेच्या जागी त्यांना दोन दिसत होत्या.

"हुलावळे," ते म्हणाले. "इकडे ये."

ती आली. रुमालानं हात पुसत.

"मी पाणी घालतो. खुणेला लागलं की तू सांग."

"मी, काका?"

"तुझ्या डोळ्यांना दिसतं ते खरं असतं, असं मघाशी तूच म्हणालीस ना?" हेही जरा खोचकच निघालं. सवय. पण पोरगी टेबलाशी वाकली, हनुवटी लाकडाला टेकवून, एक डोळा मिटून, आणि पलीकडच्या बाजूनं, मानेचं दुखणं असलेले बद्रीनाथ केळशीकरही ड्रॉपरचं टोक फ्लास्कच्या तोंडात नेमकं धरायला कंबरेत वाकले. इतके की त्यांचं कपाळ तिच्या केसांच्या उंचीला आलं. चोवीस पोरं बघत होती.

"अजून," ती म्हणाली.

थेंब.

"अजून एक."

थेंब. तिसरा थेंब ड्रॉपरच्या टोकाला येऊन लोंबकळत राहिला आणि ते वाकल्या जागी तिच्या शब्दाची वाट बघत थांबले.

"हां," ती म्हणाली. "सोडा. आता बास."